गोळीचें बळ आणि लक्ष्याचें अंतर

बारामती तालुक्याच्या कोरडवाहू भागांत लोणी भापकर नांवाचें एक गांव आहे. तेथील मल्लिकार्जुनाचें जुनें देऊळ, पुष्करिणी आणि यज्ञवराहाची मूर्ति पाहण्यासाठीं जाणकार मंडळी मुद्दाम वाट वांकडी करून जातात. परंतु गांवच्या पोरांना विचारावें तर तीं आधीं भैरवनाथाच्या जत्रेची गोष्ट काढतील. आणि जत्रा म्हटली कीं पाळणा, भेळ, गोडीशेव यांच्या जोडीला फुगे फोडण्याची बंदूक आलीच.

एका फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा टांचलेल्या असतात. चार-पांच पावलांवर एक टेबल, त्यावर छऱ्याच्या दोन-तीन बंदुका. बाप मुलाच्या खांद्याला दस्ता लावून देतो, मागून काका "डावा डोळा मीट रे" म्हणून बजावतो, आणि छरा सुटतो. फुगा फुटला तर टाळ्या पडतात. न फुटला तर तो छरा गेला कोठें, हें कोणी पाहात नाहीं. आजचा विषय तो चुकलेला छराच आहे.

फळी किती कठीण आहे, तिच्या मागें काय आहे, बंदुकीची स्प्रिंग किती ढिली झाली आहे, बघ्यांची पोरें किती जवळ उभीं आहेत, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु सातासमुद्रांपलीकडे नेमक्या याच प्रश्नांवर नियमांचें एक पुस्तक रचलें गेलें आहे. अमेरिकेंत गुराख्यांच्या जुन्या कथा आणि चित्रपट यांच्या वेडांतून 'काऊबॉय ॲक्शन शूटिंग' नांवाचा खेळ निघाला, आणि १९८७ सालीं त्याची नियामक संस्था 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' स्थापन झाली. खेळाडू एकोणिसाव्या शतकांतला पोशाख करतात, टोपणनांव घेतात, आणि जुन्या घाटाचीं पिस्तुलें व बंदुका घेऊन पोलादी पाट्यांवर गोळ्या झाडतात. पाटी वाजली कीं नेम लागला. सर्व हिशेब वेळेचा. प्रत्येक चुकलेल्या नेमास पांच सेकंद दंड.

येथेंच मनुष्यस्वभाव आडवा येतो. गोळी जितकी हलकी आणि मंद, तितका बंदुकीचा धक्का कमी. धक्का कमी तर हात स्थिर, आणि पुढचा बार लौकर. स्पर्धक आपलीं काडतुसें घरींच भरतात, तेव्हां चिमूटभर दारू कमी घालण्याचा मोह कोणाला आवरणार? म्हणून नियमकर्त्यांनीं एक साधा गुणाकार ठरविला. गोळीचें वजन ग्रेनमध्यें घ्यावें, तिचा वेग सेकंदास किती फूट तो घ्यावा, दोहोंच्या गुणाकारास १००० नें भागावें. उत्तर ६० हून कमी येतां कामा नये. ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम. १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदास ६०० फूट वेगानें गेली, तर उत्तर बरोबर ६० येतें.

चौकस विद्यार्थी येथें हात वर करील. २०० ग्रेनची गोळी ३०० फूट वेगानें सोडली तरी उत्तर ६० च येतें ना? येतें, पण ती वाट नियमांनीं आधींच बंद केली आहे, कारण कोणत्याहि गोळीचा वेग ४०० फुटांखालीं चालत नाहीं. या गुणाकारांत मोजला जातो तो संवेग, ऊर्जा नव्हे. १५० ग्रेन आणि ४०० फूट, किंवा १०० ग्रेन आणि ६०० फूट, दोहोंचा गुणाकार एकच. पण ऊर्जेंत वेगाचा वर्ग येत असल्यामुळें दुसऱ्या गोळीची ऊर्जा पहिलीच्या दीडपट भरते. शाळेंत हें गणित फळ्यावर करतांना मुलें जांभया देतात. उदाहरण पिस्तुलाचें घेतलें तर बहुधा देणार नाहींत.

दारू फारच कमी पडली तर गोळी नळींतच अडकून बसते. घाईंत स्पर्धकाच्या तें ध्यानांत येत नाहीं, आणि पुढचा बार तिच्यावर बसला कीं नळी फाटण्याचा धोका. म्हणजे दुबळें काडतूस निरुपद्रवी असतें, ही समजूत खोटी. वरच्या अंगालाहि बंधन आहेच: पिस्तुलाला सेकंदास १००० फूट, रायफलीला १४००, आणि गोळी शिशाची, तांब्याचें आवरण नसलेली.

आतां लक्ष्याची मांडणी. पिस्तुलाच्या पाट्या ७ ते १० यार्डांवर, रायफलीच्या १३ ते ५० यार्डांवर ठेवाव्यात अशी शिफारस आहे. एवढ्या जवळ पोलाद ठेवणें वेडेपणाचें वाटेल. पण मऊ शिसें पोलादावर आदळलें कीं चपटें होऊन फुटतें, आणि त्याचा चुरा बहुतांशीं पाटीच्या पृष्ठाला लागून सर्व बाजूंना उडतो. सरळ मागें फारसा येत नाहीं. पाटीचा माथा थोडा पुढें झुकविला तर बराचसा चुरा जमिनीकडे जातो. पाटीवर खड्डे पडले असतील तर मात्र ही सारी भूमिति कोसळते, कारण खळग्यांत शिरलेलें शिसें वळून वाटेल त्या दिशेला परत येतें. म्हणून खड्डे पडलेली पाटी बाद करतात, आणि स्पर्धकाप्रमाणें प्रेक्षकालाहि चष्मा लावावा लागतो.

आपल्याकडे हा खेळ रुजला नाहीं, पण नेमबाजी उत्तम रुजली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिकला विश्वविजेतेपद मिळविलें. त्याच शहराच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक आणलें. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक पटकाविलें. तेथें ५० मीटरांवरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद असतें. गोळी तेथेंहि शिशाची वा तशाच मऊ धातूची लागते; वाजणारी पाटी मात्र नसते.

जत्रेंतील बंदूक या सर्वांची धाकटी बहीण. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदास १७५ मीटर वेगानें निघाला तर त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाहीं. पण कायद्याची ही सवलत डोळ्याला लागू नाहीं. बुबुळ फोडण्यास याहून पुष्कळ कमी बळ पुरतें.

आणि येथें स्प्रिंग ढिली होण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जोराचा छरा लांकडांत रुततो. थकलेल्या बंदुकीचा छरा रुतत नाहीं, फारसा चपटाहि होत नाहीं. कठीण फळीवर आपटून तो उलट फिरतो, आणि छरा पोलादी गोल असेल तर अधिकच. समोर पांच पावलांवर मूल असतें, त्याचा एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा. बंदूक दुबळी आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या बापाला हें ठाऊक नसतें.

फुगेवाल्यालाहि दोष कसा द्यावा? दिवसभर उन्हांत उभें राहून तो दोन पैसे मिळवितो. नियमांचें पुस्तक त्याच्या हातीं कोणी दिलें नाहीं. त्याला करतां येईल तें थोडकें आहे. फळीपुढें जाड गोधडी किंवा दुहेरी गोणपाट सैल सोडावें आणि फुगे त्यावर टांचावेत, म्हणजे छऱ्याचा जोर कापडांतच मरतो. छरे शिशाचेच ठेवावेत. टेबलापाशीं दोन-तीन साधे चष्मे असावेत. फळीच्या दोन्ही अंगांना आणि मागच्या बाजूस कोणी शिरूं नये म्हणून दोरी बांधावी. तिला चार खुंट्या आणि वीस हात सुतळी लागते, आणि ती त्याच जत्रेंत, दोन दुकानें सोडून, मिळते.