तांबट विद्या : वारसा आणि जबाबदारी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या परंपरागत कलेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. आपण स्वतःस त्वष्टा कासार म्हणवितो. इंद्राचे वज्र ज्याने घडविले तो ऋग्वेदातील देवशिल्पी त्वष्टा, त्याचे नाव आपण आदराने धारण केले आहे. परंतु नाव वंशाने मिळते. विद्या मात्र प्रत्येक पिढीस नव्याने मिळवावी लागते. आजचा माझा विषय त्या विद्येचाच आहे.

महाराष्ट्राचा धातुकलेशी संबंध फार प्राचीन आहे. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे धातूच्या चार ओतीव प्रतिमा सापडल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, अशा त्या चार प्रतिमांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. अनेक अभ्यासक त्यांचा काळ सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा मानतात. पुढे पेशवाईत पुणे भरभराटीस आले, तेव्हा कोकणातून तांबट कारागीर तेथे येऊन स्थायिक झाले. कसबा पेठेतील तांबट आळी ही त्यांचीच वसाहत होय. हंडे, घागरी, घंगाळे, बंब आणि देवघरातील ताम्हन-पळी या वस्तूंवाचून त्या काळचा एकही संसार उभा राहत नसे.

या कामास कोणी अडाण्यांची मेहनत म्हणेल, तर त्याने क्षणभर कारागिराजवळ बसावे. पोलाद तापवून पाण्यात बुडविले असता कठीण होते. तांबे तसे केले तरी मऊच राहते. ते कठीण होते ते थंड स्थितीत बसणाऱ्या हातोडीच्या घावांनी. म्हणून तांबट पत्रा ठोकतो, तो ताठर झाला की पुन्हा लाल होईतो तापवितो आणि मऊ करून पुन्हा ठोकतो. वेळीच तापविले नाही तर पत्रा चिरतो. अखेरीस तापविले तर भांडे लेचेपेचे राहते. शेवटी येते ते माठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक, सारख्या जोराचे घाव घालीत सबंध भांडे पुरे करावयाचे. त्या घावांच्या ओळींना आपण नक्षी म्हणतो, परंतु भांड्याची बळकटी आणि झळाळी त्यांतूनच येते. घाव किती जोराचा, हे सांगणारे मोजमाप कारागिराच्या मनगटात आणि कानांत असते.

कल्हईचेही तसेच. आंबट पदार्थ तांब्यात कळकतो, हे आपल्या आजींना ठाऊक होते. नवसागराने तापलेल्या भांड्यावरील मळ निघतो आणि २३२ अंशांवर वितळणारे कथील तेथे धरते. हे रसायनशास्त्रच आहे. केवळ ते पुस्तकात न राहता हातांत राहिले, एवढाच भेद.

आणि नेमका तेथेच धोका आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी भांडी जतन केलेली आपण पाहतो व धन्य होतो. परंतु भांडे काचेच्या कपाटात ठेवता येते. हाताचा घाव ठेवता येत नाही. जुना कारागीर गेला की त्याच्यासवे पाऊणशे वर्षांचे ग्रंथालय जाते.

ही कला का ओसरली, याचा विचार निर्मळ मनाने करू या. ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील स्वस्त, हलके आणि कल्हईवाचून चालणारे. गॅस व विजेच्या उपकरणांनी बंबाची गरज संपविली. गृहिणीने सोयीची वस्तू निवडली, त्यात तिचा दोष नाही. मुलांनी भट्टीची धग आणि दिवसभराच्या ठोक्यांनी मंद होणारे कान यांपेक्षा शिक्षण व नोकरी पसंत केली, त्यातही दोष नाही. आपल्या समाजाने त्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, हे योग्यच केले. मात्र पदवीधराचा सत्कार करणाऱ्या आपल्या व्यासपीठावर वृद्ध कारागिरास आपण कितीदा बसविले, हा प्रश्न मी नम्रपणे विचारतो.

पंजाबात जंडियाला गुरू येथील ठठेरा कारागिरांच्या तांब्या-पितळेच्या कलेची नोंद युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. गौरव झाला तो भांड्यांसवे ती घडविण्याच्या रीतीचा. तीच दृष्टी आपण स्वीकारावी.

यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरातील जाणत्या कारागिरांचे काम सुशिक्षित तरुणांनी समोर बसून लिहून घ्यावे, चित्रित करावे, हत्यारांची नावे त्यांच्याच बोलीत नोंदवावीत. दुसरी, लग्नकार्यात आहेर द्यावयाचा तर निदान एक वस्तू हाताच्या माठारकामाची घ्यावी, आणि यंत्राच्या ठशाने उठविलेल्या ठिपक्यांच्या भावाशी तिची तुलना करून घासाघीस करू नये. तिसरी विनंती कित्येकांस रुचणार नाही, तरी बोलतो. ही विद्या आजवर बापाकडून मुलाकडे गेली, आणि ज्ञातीचे कुंपण हेच तिचे संरक्षण मानले गेले. आता कुंपणाआत शिकणारा उरला नाही, तर कुंपण कशाचे राखावयाचे? ज्यास शिकण्याची आस्था आहे, मग तो कोणत्याही जातीचा असो, मुलगा असो वा मुलगी, त्यास शिकवावे. आपल्या लेकीसुनांनी घरात भांडी उजळली, दुकानाचे हिशेब राखले. त्यांच्या हाती हातोडी देण्यास आता संकोच नसावा. त्वष्ट्याचे खरे वारस ते, जे घडवितात.

पूर्वजांनी दानपत्रे तांब्यावर कोरविली, कारण तांबे टिकते. ते टिकाऊपण आपल्या विद्येसही लाभो, एवढी श्रीकालिकामातेच्या चरणी प्रार्थना.