बाटलीतला बांबू कोणाचा?

(अलोरे येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



पोफळीच्या वीजघरातली वीज १९६२ पासून राज्यभर जाते आहे. ती तुमच्या वाडीत कधी आली, ते तुम्हीच सांगाल. म्हणून नवं तंत्र 'विकास' म्हणत दारात आलं, की आधी ते नीट समजून घ्यावं.

ऊतिसंवर्धन म्हणजे टिश्यू कल्चर. बांबूच्या पेरावरचा डोळा काढून निर्जंतुक करतात. साखर, क्षार, वाढीची द्रव्यं घातलेल्या बाटलीत ठेवतात. एकाचे अनेक कोंब होतात, मुळं फुटली की सावलीत हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात. जळगावकडची केळी अशीच वाढली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याहून नवल दाखवलं. कित्येक दशकांनी एकदा फुलणारा बांबू बाटलीत काही महिन्यांत फुलला! 'नेचर'मध्ये छापलेल्या त्या लेखावर पहिलं नाव बाईचं आहे. शाळेतल्या मुलींना हे जरूर सांगा.

आपला कोकणातला माणगा भरीव, बिनकाट्याचा. बी क्वचितच धरतो, म्हणून कंद खणून लावायचा. हे काम जड. तिथे बाटलीतली रोपं उपयोगी पडतील. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. बांबूचं बेट मोडलं तरी कंदातून पुन्हा उठतं. पण बाटली स्वतःहून चिवटपणा देत नाही. जे बेट निवडाल, त्याचीच नक्कल मिळते. आणि सगळी रोपं एकाच बेटाची असली, तर एकच रोग सगळ्यांना खातो.

मग बेट निवडणार कोण? सुपं-टोपल्या विणणारी बुरूड बाई काठी हातात घेताच सांगते, कोणती सरळ चिरेल, कोणती मोडेल. तिला निवडीच्या वेळी बोलवा, नुसतं खड्डे खणायला नको. प्रयोगशाळेत बाटल्या हाताळायला मुली घेतात, 'बोटं नाजूक' म्हणून. नाजूक कसली, कुशल! मजुरीही कुशलाचीच मागा.

२०१७ साली वनाबाहेरचा बांबू कायद्यानं 'झाड' राहिला नाही, त्यामुळे तोडणं-नेणं सोपं झालं. कारखान्यांची मागणी वाढते आहे. पण अनुदान मागायला सातबारा लागतो, आणि त्यावर नाव कोणाचं? हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ साली, देशानं २००५ साली मुलीला मुलाइतका वाटा दिला. तरी भावासाठी हक्कसोडपत्रावर सह्या होतातच.

ज्यांनी घरचा सातबारा आणला आहे, त्यांनी तो बाहेर काढा. चहा होईपर्यंत आपण एकेक वाचू.