पेट्रोलची नळी आणि घरगुती पाना



गाडीचं किरकोळ काम घरी करावं, या मताचा मी आहे. एकेकाळी कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी गाडीने आपल्याकडच्या एका पिढीच्या हातात पाना दिला. पेट्रोलचा पाईप तडकला? टोक ब्लेडने छाटा, पाईप पुन्हा बसवा, क्लिप आवळा, निघा. त्या गाडीपुरतं हे बरोबर होतं. मात्र तीच युक्ती आजच्या गाडीवर चालवणाऱ्यांनी मधल्या काळात काय काय बदललं, ते ऐकून घ्यावं.

पहिला बदल दाबाचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरचा पंप जेमतेम चार-पाच पीएसआयने पेट्रोल ढकलायचा. इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत पंप टाकीत असतो आणि दाब साधारण ४० ते ५० पीएसआय, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. तिथे थेंब पडायचा, इथे चिरेतून फवारा उडतो, तोही तापलेल्या इंजिनाशेजारी. इंजिन बंद केल्यावरही हा दाब नळीत बराच वेळ टिकतो.

दुसरा बदल पेट्रोलचा. २०२२ मध्ये त्यातलं इथेनॉल १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. आपल्या उसाच्या मळीतून त्यातलं काही येतं. पण जुन्या गाड्यांमधलं रबर इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, पुढे तडकतं. पाईप क्लिपजवळ वाकवून बघा. पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसल्या किंवा तिथे ओलसर काळपट धूळ चिकटलेली आढळली, तर त्याचे दिवस भरले. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरणाऱ्या उंदरांच्या दातांच्या खुणा दिसल्या तरी तेच.

तिसरा बदल जागेचा. पद्मिनी उघड्यावर उभी असायची, आजची गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं. त्यामुळे तळघरात हे काम अजिबात नको. वास आला की गाडी सुरूही करू नका. दोघांनी ढकलून मोकळ्यावर आणा.

आता काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. आधी बॅटरीची ऋण तार सोडवा आणि मग फ्यूज बॉक्समधून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. इंजिन चालवून नळी रिकामी करण्याची पद्धत प्रचलित आहे, पण गळती चालू असताना ती नको. गाडी रात्रभर तशीच राहिली की दाब बराच उतरतो. टाकीचं झाकण उघडून पुन्हा लावा. जोडाभोवती जाड फडकं गुंडाळून क्लिप सावकाश सैल करा. उरलेलं पेट्रोल फडक्यात येईल. उजेडासाठी तापणारा बल्ब नको. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. पाणी नको, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

नवा पाईप आतल्या व्यासाला तंतोतंत जुळणारा आणि इंजेक्शनच्या दाबाचा घ्या. त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. पाण्याचा किंवा कूलंटचा पाईप चालत नाही. क्लिपही गुळगुळीत पट्टीची घ्या. खाचा असलेली पट्टी आवळली की रबर त्या खाचांत घुसून कापलं जातं. जोडणी झाल्यावर बॅटरी आणि फ्यूज लावा, इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा फक्त ऑनपर्यंत फिरवा. दर खेपेला पंप क्षणभर चालून दाब भरतो. मग कोरडा कागद जोडाभोवती फिरवा. कागद कोरडा राहिला तरच इंजिन सुरू करा.

साबण घासणं, एम-सील चोपडणं, टेप गुंडाळणं हे इथे उपचार नव्हेत. गाडीला प्लॅस्टिकची नळी आणि खटक्याचा जोड असेल, तर तुकडा जोडू नका, पूर्ण नळी बदलून घ्या. कॉमन रेल डिझेलच्या दाबाच्या नळीत हजार बारच्याही पुढे दाब असतो. तिथला बारीक फवारा कातडी भेदतो, म्हणून बोट लावून गळती शोधू नका. सीएनजीच्या नळीलाही हात नको. ही कामं गॅरेजची.

जुना रबरी पाईप गळायची वाट न बघता बदला. जुगाडाची हौस असेल तर वायपर आहे, काचेचं हँडल आहे, कुरकुरणारं दार आहे; तिथे खुशाल भागवा.