तळ्याची नोंदवही



ग्रंथालयाच्या व्यवहारात दाखल-नोंदवहीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ग्रंथ केव्हा आला, केव्हा जीर्ण झाला, केव्हा गहाळ झाला, याची साक्ष तीच देते. सरोवरांच्या अभ्यासातही हेच खरे आहे. तळे बिघडले असे सारेच म्हणतात. परंतु केव्हापासून, किती आणि कशामुळे, हे नोंदींवाचून सांगता येत नाही.

हुबळी-धारवाड हा तळ्यांचा मुलूख. कन्नड भाषेतील ‘केरे’ हा शब्द येथील मराठी घरांतही परका नाही. धारवाडची साधनकेरी द. रा. बेंद्रे यांच्या वास्तव्यामुळे सर्वांना परिचित झाली. मलप्रभेचे पाणी नळाने घरोघरी आले आणि तळ्यांकडील लक्ष ओसरले. सांडपाण्याचा ओघ मात्र थांबला नाही. हुबळीचे उणकल आणि धारवाडचे केलगेरी या दोन्ही तळ्यांना जलपर्णीचा उपद्रव सोसावा लागला.

सांडपाण्याबरोबर फॉस्फरस येतो. त्यावर शैवाल माजते. ते मरून कुजू लागले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. १९७३ मध्ये कॅनडातील संशोधकांनी एका तळ्याचे पडद्याने दोन भाग केले. कार्बन व नायट्रोजन दोहोंत घातले, फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग शैवालाने हिरवागार झाला.

मात्र एका दिवसाच्या नमुन्यावर विसंबून चालत नाही. शैवालयुक्त पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, दुपारी उन्हामुळे वाढतो. वैशाखात आटलेल्या पाण्यात क्षार दाटतात, आषाढात ते विरळ होतात. एखादे वर्ष अवर्षणाचे, एखादे अतिवृष्टीचे. हे नित्याचे चढउतार वगळून खरा बदल ओळखण्यास दशकांची नोंद लागते.

सैबेरियातील बैकल सरोवराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मिखाईल कोझोव्ह या प्राध्यापकांनी १९४५ मध्ये तेथे नियमित निरीक्षणे सुरू केली. पुढे कन्येने आणि नंतर नातीने तो वसा चालविला. उन्हाळा असो वा गोठलेला हिवाळा, क्रम मोडला नाही. २००८ मध्ये या नोंदींवरून सिद्ध झाले की, १९४६ पासून पृष्ठभागाचे पाणी सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापले आहे. एकट्या पिढीला हे कळले नसते.

धारवाडही याबाबतीत अगदीच रिक्तहस्त नाही. कर्नाटक विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून येथील तळ्यांतील शैवालांचा अभ्यास झाला. होसमनी आणि भारती यांचा चार जलाशयांतील वनस्पती-प्लवकांविषयीचा तौलनिक प्रबंध १९८० मध्ये ‘फायकॉस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असे काम म्हणजे पुढील मोजमापांसाठी रोवलेला मैलाचा दगड होय. पण एका दगडाने अंतर मोजता येत नाही; त्यासाठी दुसरा, तिसरा दगड त्याच वाटेवर रोवावा लागतो.

त्यासाठी प्रारंभी फार मोठा खर्चही लागत नाही. पांढरी-काळी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजणे, तापमान पाहणे, पाण्याची पातळी टिपणे, हे कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे. अवघड आहे ते सातत्य: ठिकाण तेच, वेळ तीच, पद्धत तीच, आणि वही पुढच्या हाती सोपविणारा कोणीतरी. तळी गाळ उपसून स्वच्छ करता येतील. न टिपलेली वर्षे मात्र कोणत्याही निधीतून परत मिळणार नाहीत.