मी घोरतो, आधीच सांगून ठेवतो

मी घोरतो.

एवढे दोन शब्द चारचौघांत बोलायला मला वीसेक वर्षं लागली. इतकी वर्षं मी डोंगरात फिरतोय. राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपलोय, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपलोय, हिमालयातल्या ट्रेकर्स हटमध्ये झोपलोय. सगळीकडे मला झोप छान लागली. इतरांना लागली का, हे मात्र मी कधी विचारलं नाही. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणायचं, "काल रात्रभर ट्रक कुणी चालू ठेवला होता रे?" सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्याने मी.

मग आम्ही संदकफूला गेलो. पश्चिम बंगालमधली ही सर्वांत उंच जागा, ३६३६ मीटर. मानेभंज्यांगहून निघायचं आणि सिंगालीला रांगेच्या माथ्यावरून, नेपाळची सीमा धरून चालत राहायचं. वर मुक्कामाला एक लांबट खोली, पलंगाला पलंग लागलेले, दहा माणसं. बाहेर वारा असा, की तंबू वगैरेचा विचारही नको. थंडी होती म्हणून मी तोंगबा घेतला. बांबूच्या भांड्यात आंबवलेली नाचणी, वरून गरम पाणी, नळीने ओढत बसायचं. दोनदा पाणी घालून घेतलं आणि उताणा पडलो.

पहाटे सगळे बाहेर धावले. संदकफूहून कांचनगंगेची जी रांग दिसते तिला 'निद्रिस्त बुद्ध' म्हणतात, कारण ती उताण्या झोपलेल्या माणसासारखी दिसते. आता गंमत बघा. त्या बुद्धाचं डोकं ज्या शिखराचं झालंय त्याचं नाव कुंभकर्ण. मी ते बघत उभा असताना शेजारच्या पलंगावरचे काका जवळ आले. बडोद्याचे, निवृत्त, दोन दिवसांची ओळख. म्हणाले, "तुम्ही घोरता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही मध्येच थांबता, त्याबद्दल बोलायचंय."

मला कळेचना. ते म्हणाले, "आवाज बंद झाला की मला झोप लागायला हवी होती. पण मी उठून बसत होतो. घड्याळ लावून मोजलं. एकदा १८ सेकंद, एकदा २२. मग तुम्ही गुदमरल्यासारखा आवाज करता आणि परत सुरू होता." त्या दिवशी आम्हाला फालुटपर्यंत २१ किलोमीटर चालायचं होतं, आणि हा साठीचा माणूस माझा श्वास मोजत रात्रभर जागा होता.

आता थोडं शास्त्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि त्या फटीतून जाणाऱ्या हवेने टाळू आणि पडजीभ थरथरते. तेच घोरणं. दारूने स्नायू आणखी सैल होतात. थंडीने नाक चोंदलं की तोंडाने श्वास सुरू होतो. डोंगरातल्या मुक्कामात हे सगळं एकाच रात्री जमून येतं. कधी वाट पूर्णच बंद होते. छाती हलते, हवा आत जात नाही.

उंचीवर आणखी एक भानगड असते. विरळ हवेत चांगल्या धडधाकट माणसाचाही श्वास झोपेत लयीत वाढतो, कमी होतो, काही सेकंद थांबतो, परत सुरू होतो. त्यामुळे मी स्वतःची समजूत घातली, की हे उंचीमुळे असणार. घरी आल्यावर विसरूनही गेलो असतो.

पण आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ होता. राजगडावर मी घोरत असतानाचा, मित्रांनी गंमत म्हणून काढलेला. मी स्वतः तो दहा जणांना दाखवला होता. या वेळी कान देऊन ऐकला. घोरणं, घोरणं, मग शांतता. मागून कुणीतरी म्हणतं, "गेला वाटतं," आणि हशा. १४ सेकंद. राजगडाची उंची हिमालयापुढे काहीच नाही.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी कितीदा तुला हलवलंय. तूच म्हणायचास, दमलोय म्हणून होतं."

मग एक रात्र अंगाला तारा लावून तपासणी झाली. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. दुपारी गाडी चालवताना डोळे मिटायचे, त्याचं कारणही तिथेच निघालं. प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार असतो असं नाही, बहुतेकांना नसतो. पण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, आणि थांबणं तर नाहीच नाही. ते ऐकणारा शेजारी एकतर चिडलेला असतो, नाहीतर सभ्य. माझे सगळे मित्र सभ्य होते.

आता मी मास्कचं मशीन लावतो. बॅटरीसकट पाठीवर दीड-दोन किलो वाढतात, बदल्यात एक जीन्स घरी राहते. तशीही ती कधी लागली नव्हती. मुक्कामाला कोपऱ्यातली भिंतीकडची जागा घेतो, कुशीवर झोपतो. उताणं वळू नये म्हणून पूर्वी बनियनच्या पाठीला खिसा शिवून चेंडू ठेवायचे. हसू नका, अगदीच निरुपयोगी नाही ते. संध्याकाळी तोंगबा बंद. हे शेवटचं जड गेलं.

खिशात फोमच्या बोळ्यांची पाकिटं असतात, इतरांसाठी. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर उपयोग नाही, आणि नव्वद टक्के लोक तेच करतात, हे माझं निरीक्षण. त्यानेही घोरण्याचा खर्ज पूर्ण जात नाही. शेजारी घोरतोय म्हणून कुणी झोपेची गोळी काढली, तर तेवढं मात्र करू नका. उंचीवर डॉक्टरांना न विचारता घेतलेली गोळी श्वासच मंद करू शकते. त्यापेक्षा मला उठवा. लाथ नको, नाव घेऊन म्हणा, "कुशीवर वळा."

गेल्या हिवाळ्यात अशाच एका मुक्कामावर जेवताना मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी घोरतो. बोळे इथे ठेवलेत. मशीन बंद पडलं आणि मी मध्येच थांबलो, तर उठवा." सगळे ताटात बघायला लागले. मग कोपऱ्यातून सत्तरीच्या एक आजी, नातीबरोबर आलेल्या, म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला वाटलं, आता मलाच सांगावं लागणार."