स्वागताध्यक्षीय भाषण : अतितप्त द्रव्याचे वहनधर्म



संत शेख महंमदांच्या समाधीमुळे ओळखल्या जाणाऱ्या श्रीगोंदे नगरीत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. कुकडीच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या या तालुक्याला चिकटपणाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. काहिलीतला रस आटून पाक दाटू लागला, की ढवळणाऱ्या हाताला जो अडसर जाणवतो, तो वेगवेगळ्या गतीने सरकणाऱ्या थरांमधील घर्षणाचा असतो आणि त्यालाच पदार्थविज्ञानात विष्यंदिता म्हणतात. संवेग, विद्युतभार आणि कण पदार्थातून कसे वाहून नेले जातात, हे सांगणाऱ्या विष्यंदिता, विद्युतवाहकता व विसरण या गुणांना मिळून वहनधर्म असे नाव आहे.

परिषदेचा विषय असलेले द्रव्य मात्र कोणत्याही काहिलीत मावणारे नाही. तापमान सुमारे 2 लाख कोटी अंशांवर गेले, की प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळतात आणि त्यांच्यात कोंडलेले क्वार्क व त्यांना बांधणारे ग्लुऑन यांचा प्लाझ्मा होतो. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे सोन्याची अणुकेंद्रे परस्परांवर आदळवून तो घडवला गेला, तेव्हा तो वायूसारखा वागेल अशी अनेकांची अटकळ होती; परंतु 2005 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तो द्रवासारखा वाहतो. अणुकेंद्रांची टक्कर थोडी तिरकी झाली, की मधला तप्त भाग बदामाच्या आकाराचा होतो, त्याच्या अरुंद बाजूकडे दाब झपाट्याने उतरतो आणि कण त्याच दिशेने अधिक बाहेर पडतात. विष्यंदिता जास्त असती, तर हा फरक पुसला गेला असता. एन्ट्रॉपीच्या, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाच्या, तुलनेत या द्रव्याची विष्यंदिता ज्ञात द्रवांमध्ये सर्वांत कमी ठरते, कारण कणांची आंतरक्रिया जितकी तीव्र, तितका संवेग जवळच्याच कणांत वाटला जातो व दूरच्या थरांपर्यंत पोहोचत नाही.

या अभ्यासात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोलाचा आहे. राजीव भालेराव यांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह हा प्रवाह समतोलाला कितपत पोहोचतो याची मीमांसा 2005 साली मांडली, तर सौरेंदू गुप्ता यांनी संगणकीय जालकाच्या, म्हणजे अवकाश-काळाची चौकटी पाडून केलेल्या गणिताच्या, आधारे प्लाझ्माची विद्युतवाहकता काढली.

तापमानानुसार ही विष्यंदिता नेमकी कशी बदलते, हे अचूक ठरवणे अजून बाकी आहे. ते काम पुढे नेणारे हात श्रीगोंद्यासारख्या तालुक्यांच्या महाविद्यालयांतूनही यावेत, यासाठी पाहुण्यांनी व्याख्यान संपल्यावरही येथील विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना वेळ द्यावा, एवढीच स्वागत समितीची विनंती आहे.