अठ्ठावीस दिवसांचे निकाल

खेळांचे निकाल वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापलेले असतात. घरातील मुले ते पान प्रथम ओढून घेतात. वडीलधारी मंडळी ते सर्वांत शेवटी, सवड उरलीच तर, पाहतात. परंतु दोघांचीही वाचण्याची रीत बहुधा एकच असते. पहिले नाव कोणाचे एवढे कळले की पान उलटले. या रीतीने पदरात काय पडते आणि निसटून काय जाते, हे पाहावयाचे असेल तर एखादा महिना निवडून त्याचे निकाल सावकाश वाचावेत. त्या दृष्टीने २२ जुलै ते १८ ऑगस्ट १९४८ या अठ्ठावीस दिवसांसारखा काळ क्वचितच सापडेल. फ्रान्समधील मोठ्या सायकल-शर्यतीचा शेवट, लीड्स येथील कसोटी सामना, लंडनचे ऑलिंपिक सामने आणि ब्रॅडमन यांची अखेरची कसोटी, हे सारे या चार आठवड्यांत एकापाठोपाठ घडले.

त्या काळाची परिस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. महायुद्ध संपून अवघी तीन वर्षे झाली होती. १९४० आणि १९४४ चे ऑलिंपिक सामने युद्धामुळे भरलेच नव्हते. लंडनमध्ये बॉम्बने पडलेल्या इमारतींच्या जागा अद्याप रिकाम्या होत्या आणि अन्नधान्यावर शिधापत्रिकेचे नियंत्रण होते. सामन्यांसाठी नवे क्रीडांगण बांधण्याची ऐपत नव्हती. वेम्ब्ली येथील जुन्याच क्रीडांगणावर धावपट्टी तयार करण्यात आली आणि पाहुण्या खेळाडूंची सोय लष्करी छावण्यांत व महाविद्यालयांत करण्यात आली. जर्मनी व जपान यांना निमंत्रण नव्हते आणि सोव्हिएट रशियाने भाग घेतला नाही. तरीही ५९ देशांचे खेळाडू एकत्र जमले. त्यांत स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच आपल्या ध्वजाखाली चालत होता.

पहिला मोठा निकाल मात्र फ्रान्समधून आला. २५ जुलै रोजी ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल-शर्यत पॅरिस येथे संपली आणि इटलीचा जिनो बार्ताली विजयी ठरला. तक्त्यात एवढेच दिसते की, दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारास त्याने सव्वीस मिनिटांहून अधिक मागे टाकले. हाच बार्ताली १९३८ साली ही शर्यत जिंकला होता, हे तक्ता सांगत नाही. मधली दहा वर्षे, म्हणजे सायकलस्वाराच्या उमेदीचा बहुतेक काळ, युद्धाने गिळून टाकली होती. शर्यत चालू असताना १४ जुलै रोजी इटलीतील कम्युनिस्ट पुढारी तोल्याती यांच्यावर रोममध्ये गोळ्या झाडण्यात आल्या आणि देशात दंगे उसळले. त्या वेळी बार्ताली आघाडीच्या स्वारापेक्षा वीस मिनिटांहून अधिक मागे होता. पुढच्याच दिवशी आल्प्सच्या घाटांत त्याने ते अंतर तोडण्यास प्रारंभ केला. त्याच्या विजयामुळे इटलीतील यादवी टळली, असे पुढे पुष्कळांनी सांगितले. एका सायकलस्वाराच्या माथी एवढे श्रेय मारणे अतिशयोक्तीचेच होईल. तथापि चौतिसाव्या वर्षी, दहा वर्षांच्या खंडानंतर, हरत आलेली शर्यत जिंकणे हे स्वतःच पुरेसे मोठे आहे.

दोनच दिवसांनी, २७ जुलै रोजी, इंग्लंडमधील लीड्स येथे कसोटी सामन्याचा शेवटचा दिवस होता. इंग्लंडने सकाळी आपला डाव घोषित करून ऑस्ट्रेलियापुढे ४०४ धावांचे लक्ष्य ठेवले. खेळपट्टीवर चेंडू फिरत होता आणि वेळ सहा तासांपेक्षाही कमी होता. ऑस्ट्रेलियाने अवघे तीन गडी गमावून त्या धावा काढल्या. मॉरिस यांनी १८२ आणि ब्रॅडमन यांनी नाबाद १७३ धावा केल्या. चौथ्या डावात एवढी धावसंख्या गाठून कसोटी सामना त्यापूर्वी कोणी जिंकला नव्हता. हा विक्रम अठ्ठावीस वर्षे टिकला. तो मोडला भारतानेच. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध गावसकर व विश्वनाथ यांच्या शतकांच्या बळावर भारताने ४ बाद ४०६ धावा केल्या.

२९ जुलै रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन केले. दुसऱ्याच दिवशी चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक १०,००० मीटरची शर्यत जिंकला. मान वाकडी, चेहरा पिळवटलेला, खांदे ओढलेले, अशी त्याची धावण्याची ढब पाहून हा मनुष्य आता कोसळणार असे प्रेक्षकांस वाटे. तीन दिवसांनी ५,००० मीटरच्या शर्यतीत तो बेल्जियमच्या रेफपेक्षा पुष्कळ मागे पडला आणि अखेरच्या फेरीत असा काही धावला की, दोघांत केवळ दोन दशांश सेकंदांचे अंतर राहिले. क्रमांक दुसरा लागला. परंतु त्या शेवटच्या फेरीत पुढील काळाचा झाटोपेक दिसून गेला होता. चार वर्षांनी, १९५२ साली, हेल्सिंकी येथे त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या.

हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन या तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना दोन मुले होती. वय झाले, आता यांनी घरी बसावे, असे जाणते म्हणविणारे लोकही बोलत होते. अठराव्या वर्षी, १९३६ साली, बर्लिन येथे त्या प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. त्यानंतरचे दोन्ही सामने युद्धात बुडाले आणि त्यांचा देश शत्रूच्या ताब्यात गेला. २ ते ७ ऑगस्ट या सहा दिवसांत त्यांनी १०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत, २०० मीटर आणि चौघींची सांघिक शर्यत अशी चार सुवर्णपदके मिळविली. स्त्रियांसाठी मैदानी खेळांत तेव्हा एकूण नऊच प्रकार ठेवलेले होते. उंच उडी व लांब उडी यांतील जागतिक विक्रम त्या वेळी त्यांच्याच नावावर असूनही त्या प्रकारांत त्या उतरल्या नाहीत.

आता भारतीय खेळाडूंकडे वळावे. ३१ जुलै रोजी लंडनजवळील इलफर्ड येथे भारत व फ्रान्स यांचा फुटबॉल सामना झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. कर्णधार टी. आओ हे नागा प्रदेशातून आलेले. फ्रान्सने पहिला गोल केला. रमण यांनी तो फेडला. पेनल्टीच्या दोन संधी भारतास मिळाल्या आणि त्या दोन्ही वाया गेल्या. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने गोल केला आणि २-१ असा निकाल लागला. ऑलिंपिकमधील भारताचा हा पहिलाच फुटबॉल सामना होता. आठच वर्षांनी, १९५६ साली मेलबर्न येथे, भारतीय संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचून चौथा आला.

तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत एकोणीस वर्षांचा हेन्री रिबेलो दाखल झाला होता. जाणकारांच्या त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पहिल्याच उडीला त्याच्या मांडीचा स्नायू फाटला आणि त्यास उचलून बाहेर न्यावे लागले. ज्या उडीसाठी त्याने सारे कष्ट घेतले, तिची लांबी कोणत्याही तक्त्यात नाही.

कुस्तीचे निकालही याच सुमारास लागले. सर्वांत कमी वजनाच्या, म्हणजे फ्लायवेट, गटात सहावा क्रमांक भारताच्या खाशाबा जाधव यांचा होता. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावचा हा बावीस वर्षांचा तरुण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. त्याच्या लंडनच्या प्रवासास कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य झाले होते. तालमीच्या तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लास लंडनमध्ये गादीवर लढावे लागले. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. शिवाय गुणांची मोजणी आणि नियम निराळे. अशा स्थितीत मिळालेला सहावा क्रमांक सामान्य नव्हे. पण सहाव्या नावापर्यंत किती वाचकांची दृष्टी गेली असेल? पदके तीन, आणि तेथेच बहुतेकांचे वाचन संपते.

१२ ऑगस्ट रोजी मात्र भारताचे नाव पहिल्या ओळीत आले. हॉकीच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीच्या ओल्या मैदानावर भारताने ब्रिटनचा ४-० असा पराभव केला. बलबीरसिंग यांनी दोन, त्रिलोचनसिंग व जॅन्सन यांनी प्रत्येकी एक गोल केला. कर्णधार किशनलाल यांच्या या संघात मुंबईचे लिओ पिंटो गोलरक्षक होते आणि वॉल्टर डिसूझा हेही मुंबईकडूनच खेळणारे. १९२८, १९३२ व १९३६ साली भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ब्रिटनने आपला संघ पाठविलाच नव्हता. त्यामुळे राज्यकर्ते व प्रजा यांची ऑलिंपिकच्या मैदानावरील गाठ स्वातंत्र्यानंतरच पडली. स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. लंडनमध्ये, ब्रिटिश प्रेक्षकांसमोर, तिरंगा वर चढला.

या आनंदात एक दुःखाची छटाही होती. पाकिस्तानचा संघ त्याच स्पर्धेत खेळत होता आणि त्याचा कर्णधार ए. आय. एस. दारा हा १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात ध्यानचंद यांच्या जोडीने भारताकडून खेळला होता. फाळणीने एका संघाचे दोन केले, याची नोंद कोणत्याही निकालात सापडणार नाही.

१४ ऑगस्ट हा शनिवार. वेम्ब्ली येथे ऑलिंपिकचा समारोप झाला आणि त्याच शहरात, ओव्हल मैदानावर, पाचव्या कसोटीस प्रारंभ झाला. लिंडवॉल यांच्या माऱ्यापुढे इंग्लंडचा डाव अवघ्या ५२ धावांत आटोपला. त्यांनी २० धावांत ६ गडी बाद केले. याच ऑस्ट्रेलियन मंडळींविरुद्ध त्या वर्षी जानेवारीत ॲडलेड येथे सांगलीच्या विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके काढली होती, हे आठवले म्हणजे त्या शतकांचे मोल कळते. संध्याकाळी सहाच्या सुमारास ब्रॅडमन खेळावयास आले. इंग्लंडच्या खेळाडूंनी त्यांच्याभोवती उभे राहून तीनदा जयघोष केला. होलीज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर, गुगलीवर, त्यांचा त्रिफळा उडाला. धावा शून्य. आणखी चार धावा झाल्या असत्या तर कसोटी सामन्यांतील त्यांची सरासरी बरोबर शंभर भरली असती, ती ९९.९४ वर थांबली. ऑस्ट्रेलियाने पुन्हा फलंदाजी केलीच नाही. १८ ऑगस्ट रोजी इंग्लंड एक डाव व १४९ धावांनी हरले आणि मालिका ४-० अशी ऑस्ट्रेलियाने जिंकली. मधल्या सोमवारी, १६ ऑगस्टला, अमेरिकेत बेसबॉल या खेळातील थोर खेळाडू बेब रूथ न्यूयॉर्क येथे वयाच्या ५३ व्या वर्षी वारला होता.

या अठ्ठावीस दिवसांकडे आता मागे वळून पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ओव्हल येथे १९६ धावा मॉरिस यांनी केल्या, पण जगाने लक्षात ठेवले ते शून्य. झाटोपेकची पुढील चढाई त्याच्या दुसऱ्या क्रमांकातून कळून येत होती. फॅनीबाईंच्या चार पदकांचा खरा अर्थ त्यांच्या वाया गेलेल्या बारा वर्षांत आहे. पहिल्या नावाची योग्यता कोणी नाकारीत नाही. हॉकीच्या सुवर्णपदकाने कोट्यवधी भारतीयांस जो आनंद दिला तो कोणत्याही सहाव्या क्रमांकाने दिला नसता. परंतु पहिले नाव हे झालेल्या कष्टाचे फळ असते, आणि खालच्या नावांत पुष्कळदा पुढच्या कष्टाचे बीज असते. घरोघरी परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. सहावा आलेल्या मुलास, पहिला का आला नाहीस, असे विचारण्यापेक्षा, सहाव्या स्थानी येईपर्यंत काय अडले आणि आता काय लागेल, असे विचारणे अधिक हिताचे.

खाशाबा जाधव यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारी माणसे भेटली. १९५२ साली हेल्सिंकीस जाण्यासाठी पैसा उभा करावयाचा होता, तेव्हा गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. चार वर्षांपूर्वी सहावा आलेला मल्ल या वेळी वरच्या वजनाच्या, म्हणजे बँटमवेट, गटात तिसरा आला. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर तसे दुसरे पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. ते अटलांटा येथे टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळविले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत सहावे, आठवे, दहावे आलेले किती तरी खेळाडू या देशात होऊन गेले असतील. त्यांच्यासाठी घर गहाण टाकणारा कोणी भेटला नाही, आणि निकालाच्या तक्त्यात त्यांच्या नावापर्यंत कोणाची दृष्टीही पोहोचली नाही.